कालचे गाणे आणि आजचा कान

‘हल्लीच्या गाण्यांत काही राम राहिलेला नाही’ हे वाक्य आपल्या कानांवर आठवड्यातून एकदा तरी पडतेच. ते उच्चारणारा बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो आणि ज्याला उद्देशून ते उच्चारले जाते तो विशीच्या आसपासचा असतो. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि लेथ यांचा आवाज दिवसभर चालू असतो. तेथे जेवणाच्या सुट्टीत एखाद्या तरुण कामगाराच्या मोबाइलवर नवे मराठी, कन्नड किंवा हिंदी गीत लागले, की शेजारचा वडीलधारा मिस्त्री कपाळाला आठ्या घालून म्हणतो, ‘‘अरे, हे काय गाणं म्हणायचं? गाणी होती ती आमच्या वेळची!’’ तरुण हसतो, आवाज थोडा कमी करतो आणि ऐकत राहतो. वाद तेथे मिटतो, पण प्रश्न मिटत नाही. गाणे खरोखरच बिघडले आहे काय? की प्रत्येक पिढीला आपल्या तारुण्यात ऐकलेले तेवढेच गोड वाटते?

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर आवडीनिवडीच्या आधारे देता येणार नाही, कारण आवड ही ज्याची त्याची असते. इतिहासाची साक्ष मात्र काढता येते. आणि ती काढावयाची तर बेळगावच्या परिसरासारखे दुसरे ठिकाण शोधूनही सापडणार नाही.

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यात मलप्रभेच्या काठी गुर्लहोसूर नावाचे गाव आहे. येथे ३१ मार्च १८४३ रोजी बळवंत पांडुरंग, अर्थात अण्णासाहेब, किर्लोस्करांचा जन्म झाला. भोवतालचा मुलूख कानडी बोलणारा आणि घर मराठी, अशा दुभाषी वातावरणात ते वाढले. पुढे बेळगावात नोकरी करीत असताना नाटकाचा नाद त्यांनी सोडला नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग त्यांनी केला, आणि मराठी संगीत रंगभूमीचे पर्व सुरू झाले. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी उभारलेल्या खेळांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. अण्णासाहेबांनी तो पात्रांच्या मुखी दिला. शकुंतला स्वतः गाऊ लागली, दुष्यंतही गाऊ लागला.

आज ‘शाकुंतल’ आणि १८८२ चे ‘सौभद्र’ ही नाटके शुद्ध मराठी संगीताची गंगोत्री म्हणून आपण सांगतो. पण त्या गंगोत्रीचे पाणी कोठकोठून आले होते? कीर्तनातील साकी आणि दिंडी, घरातील ओवी, तमाशाच्या फडातील लावणी, कर्नाटकातील कानडी पदांच्या चाली, उत्तरेकडील रागदारी, अशी सारी सामग्री अण्णासाहेबांनी एकत्र आणली. अशा नाटकाची कल्पनाच मुळी त्यांना पारशी मंडळीचा उर्दू खेळ पाहून सुचली, असे नाट्येतिहासकार सांगतात. म्हणजे ज्याला आपण निर्भेळ म्हणतो ते जन्मतःच मिश्र होते. आजच्या संगीतकारावर ‘याने इकडून ताल उचलला, तिकडून चाल उचलली’ असा आरोप करताना, आपल्या संगीत नाटकाचे जनकही याच आरोपास पात्र ठरतील, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढची पायरी अधिक बोधप्रद आहे. १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले. साकी-दिंडीची जुनी वाट सोडून कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चटकदार चालींवर पदे रचली. प्रेक्षक त्या चालींवर लुब्ध झाले, आणि जुन्या वळणाच्या रसिकांना मराठी नाट्यसंगीताचा सोज्ज्वळपणा गेला असे वाटू लागले. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ढंगाच्या ठुमरी-कजरीच्या चाली आणल्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीचा भरजरी साज चढविला. मग तक्रारीचे तोंड फिरले. आता गाणे हलके झाल्याची कुरकूर मागे पडली. ते इतके भारी झाले की नाटकाचा जलसा होतो, ‘वन्स मोअर’च्या गजरात कथानक बुडते आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबतो, अशी ओरड सुरू झाली. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली, तेव्हा केशवराव भोळ्यांनी तिच्यात मोजकीच, भावगीताच्या वळणाची गाणी ठेवली. त्यावर नाट्यसंगीताच्या भक्तांनी म्हटले, की हे गाणे फार कोते आहे.

सदतीस वर्षांत एकाच रंगभूमीचे गाणे आधी उथळ ठरले, मग अवजड ठरले, आणि शेवटी तोकडे ठरले. आज ही चारही नाटके आपण एकाच आदराने ‘जुने नाट्यसंगीत’ या एका सदरात घालतो. ज्या भांडणांनी त्या काळचे रसिक तापले होते, त्यांचा निखारा आज हाताला लागतही नाही.

तोकडेपणाच्या आक्षेपाचा आणखी एक मासला पाहण्याजोगा आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचा आवाज ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरला. त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. जो राग मैफलीत तासभर फुलावयाचा, तो तीन मिनिटांत कोंबणे ही विटंबना आहे असे मानणारे गवई त्या काळी होते. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी याच तीन मिनिटांत जे गाऊन ठेवले, त्याच्यावर आज अभ्यासकांच्या पिढ्या पोसल्या जात आहेत. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत बसणारे आजचे गाणे पाहून आपण जी मान हलवितो, ती त्या गवयांच्या मान हलविण्याहून फारशी निराळी नाही. अर्ध्या मिनिटात कोणी खाँसाहेब निपजेल की नाही हे काळच सांगेल. मात्र केवळ लांबी कमी झाली म्हणून गाणे हीन झाले, एवढे अनुमान त्यातून निघत नाही.

येथे किंचित आडवळण घेतो. तेही गुर्लहोसूरचेच आहे. त्याच गावी १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. त्यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनविला. १९१० साली ते बेळगाव सोडून गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. पण यंत्रकामाचा जो वारसा उद्यमबागेत आज नांदतो आहे, त्याच्या आरंभीच्या पानांवर त्यांचेच नाव आहे. त्यांचा नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले अर्धा डझन नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. नव्या नांगराने माती विटाळेल आणि नव्या चालीने गाणे विटाळेल, या दोन्ही भीती एकाच मनोवृत्तीच्या लेकी आहेत. दोघींचाही उगम आपल्या वस्तूवरील प्रेमात आहे. म्हणून त्यांची थट्टा करू नये. मात्र त्यांना प्रमाणही मानू नये.

आता वाद्याकडे वळू. संगीत नाटकाला साथ हवी म्हणून पायपेटी आली, ऑर्गन आला. युरोपात १८४० च्या सुमारास जन्मलेल्या या वाद्याला कलकत्त्याच्या कारागिरांनी मांडी घालून वाजविता येईल असे रूप दिले आणि बाजाची पेटी घरोघर पोहोचली. पेटीचे स्वर पट्ट्यांत बांधलेले असतात. तीत मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद उमटत नाहीत, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा होता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींचा हिशेब मांडून श्रुतिहार्मोनियम सिद्ध करण्याचा खटाटोप केला, तो याच कारणाने. १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांचे दार बंद केले. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली.

त्या तीन दशकांत पेटी मेली काय? बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारख्या कलावंताने पेटीलाच आयुष्य वाहिले, थोर गवयांची साथ केली आणि शिष्यांच्या रांगा तयार केल्या. ज्या वाद्याला परके, यांत्रिक आणि बेसूर ठरवून बाहेर काढले, त्याच्याविना आज भजन उभे राहत नाही, कीर्तन रंगत नाही आणि ख्यालाची मैफलही क्वचितच होते. आजचा आजोबा नातवाच्या विजेवरील कीबोर्डला नाके मुरडतो आणि म्हणतो, ‘‘त्यापेक्षा आपली पेटी शीक.’’ ‘आपली’ हा शब्द तेथे कसा आला, याचा त्याला विसर पडलेला असतो.

परंतु या साऱ्या प्रकरणाचा कळस १९५२ साली झाला. त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. १९६२ पर्यंत ते त्या पदावर होते. केसकर पुण्याचे, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे निस्सीम चाहते होते. सिनेमाची गाणी दिवसेंदिवस उथळ होत असून त्यांतील पाश्चात्त्य वाद्यांनी व उडत्या चालींनी लोकांची अभिरुची बिघडत आहे, असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवर चित्रगीतांचा वेळ घटविण्यात आला. चित्रपटाचे नाव उच्चारण्यासही मज्जाव झाला. निर्मात्यांनी परवाने मागे घेतले, आणि आकाशवाणीवरील चित्रगीते जवळजवळ नाहीशी झाली.

परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा फिरविला आणि सिलोन लावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि देशभरची घरे त्या वेळेला रेडिओभोवती गोळा होऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही हलक्याफुलक्या मनोरंजनाची स्वतंत्र सेवा सुरू करून चित्रगीतांना पुन्हा घरात घेतले.

या घटनेत विशेष ते असे. ज्या गाण्यांना १९५२ साली अभिरुचीनाशक ठरविले गेले, ती कोणती? सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ची (१९५१) गाणी त्याच काळची. नौशादांचा ‘बैजू बावरा’ तर १९५२ चाच, आणि त्यात अमीर खाँ व द. वि. पलुसकर यांच्यासारखे दिग्गज गायिले होते. म्हणजे उद्यमबागेतील मिस्त्री ज्या काळाला ‘गाण्यांचा सुवर्णकाळ’ म्हणून उसासा टाकतो, तो नेमका तोच काळ होय, ज्याच्या गाण्यांना देशाच्या मंत्र्याने दारातून परत पाठविले होते. एका पिढीचा ऱ्हास तो दुसऱ्या पिढीचा सुवर्णकाळ ठरला. आणि मध्ये गेली ती अवघी काही दशके.

मग केसकरांचे सारेच फसले असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांच्याच कारकिर्दीत १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणीची संगीतसंमेलने भरू लागली. बैठकीच्या मोजक्या श्रोत्यांपुरते असलेले गाणे खेड्यातल्या माणसाच्या कानी पोहोचले. चित्रगीताला पर्याय म्हणून सुगम संगीताचे विभागही उभे राहिले. त्या वातावरणात पुणे केंद्रावरून एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते प्रसारित झाली. त्याचे कवी ग. दि. माडगूळकर आणि स्वरकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटाच्या धंद्यातलेच होते. ज्या बाजाराला अभिरुचीचा शत्रू मानले, त्याच बाजारातील लेखणीने आणि गळ्याने हे कार्य सिद्धीस नेले. केसकरांनी जे नाकारले ते लोकांनी टिकविले. त्यांनी जे दिले तेही लोकांनी टिकविले. मनाई निष्फळ ठरली, आणि देणगी मात्र रुजली.

येथवरची साक्ष नव्या गाण्याच्या बाजूची झाली. पण न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुन्याचा कैवार घेणारा सर्वस्वी भ्रमात असतो असे नाही.

त्याची एक चूक तर उघडच आहे. काळ हा मोठा चाळणारा आहे. शे-सव्वाशे वर्षांत मराठीत जी संगीत नाटके झाली, त्यांतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आज होतात. उरलेल्यांची पदे कोणाच्या ओठी नाहीत. जुन्या काळाची चाळलेली रास आणि आजच्या काळाचे न चाळलेले पोते शेजारी ठेवून तुलना केली, तर पोत्यातील खडे डोळ्यांत भरणारच. आजच्या पोत्यातील दाणे कोणते हे ठरण्यास अजून तीसचाळीस वर्षे लागतील.

तरीही केवळ भासापलीकडे काही आहे काय, याचा शोध परदेशांतील शास्त्रज्ञांनी यंत्रगणनेने घेतला आहे. स्पेनमधील जोन सेर्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९५५ ते २०१० या काळातील साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणे तपासून २०१२ साली निष्कर्ष काढला, की स्वरांच्या जुळणीतील वैविध्य आटत चालले आहे, वाद्यांच्या नादाचे रंग एकसारखे होत आहेत आणि मुद्रणाचा आवाज सतत चढत आहे. उलटपक्षी २०१५ साली लंडनच्या मॅथियस माउक प्रभृतींनी अमेरिकेतील १९६० ते २०१० या काळातील सुमारे सतरा हजार लोकप्रिय गीते अभ्यासली, तेव्हा त्यांना अखंड ऱ्हास आढळला नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत वैविध्य घटले आणि पुढे ते पुन्हा वाढले, असे त्यांना दिसून आले. दोन्ही अभ्यास पाश्चात्त्य गाण्यांचे आहेत; आपल्या गाण्यांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी आवाज चढला ही गोष्ट आपल्याही कानांना पटण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रणातील हळू जागा उचलून मोठ्या केल्या, की गाण्यातील चढउतार सपाट होतात आणि कान लवकर थकतो. त्यात उत्सवातील ध्वनिवर्धकांच्या भिंतींची भर पडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी औद्योगिक क्षेत्रासही दिवसा ७५ डेसिबल आणि वस्तीला ५५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. वस्तीतील मिरवणूक कारखान्याहून मोठ्याने वाजू लागली, तर म्हाताऱ्यांची तक्रार रास्त आहे. मात्र ती आवाजाविरुद्धची तक्रार आहे, चालीविरुद्धची नव्हे. या दोहोंची गल्लत आपण नित्य करतो.

दुसरी हानी याहून खोल आहे, आणि माझ्या मते या सर्व वादाचे मर्म तेथे आहे. पूर्वी गाणे ऐकणारा बहुधा स्वतःही काही गात असे. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी गाई. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेडोपाडी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बायका कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. पिठाची गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले, आणि ते वाचलेच पाहिजे होते. परंतु जात्याबरोबर ओवीही थांबली. भजनी मंडळे विरळ झाली, हौशी नाटकमंडळी मोडल्या. आज गाणे पूर्वी कधी नव्हते इतके स्वस्त आणि मुबलक आहे, आणि घरात गाणारा गळा मात्र दुर्मिळ झाला आहे. गाण्याचा दर्जा घसरला की नाही याविषयी वाद होऊ शकेल. गाणाऱ्यांचे प्रमाण घटले, हे ज्याला आपल्या आजीचे घर आठवते त्याला निराळे सांगावे लागणार नाही. आणि जो स्वतः गात नाही, त्याला चांगल्यावाईटाची पारख तरी कशाने यावी? तव्यावर हात भाजून घेतल्याशिवाय भाकरी कळत नाही.

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाला या बाबतीत मोठी ठेव लाभली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यावरून झालेल्या वादाच्या जखमा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पण रेडिओच्या काट्याने सीमा मानली नाही. १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र, पुढचे पुणे केंद्र आणि १९६३ पासूनचे सांगली केंद्र हे सारे एकाच घरात ऐकले गेले. जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व माळव्याच्या लोकधुनांत रमले, रूढ घराण्यांची चाकोरी सोडल्याबद्दल टीका सोसली, आणि १९६५ साली त्याच कुमारांनी बालगंधर्वांचे गाणे नव्या दृष्टीने गाऊन दाखविले. नव्या वाटेने गेलेल्या माणसानेच जुन्याचे मोल अधिक डोळसपणे सांगितले, याहून दुसरा दाखला कशाला हवा?

तेव्हा वडीलधाऱ्यांना नम्रपणे एवढेच सांगावेसे वाटते. नव्या गाण्याला नावे ठेवण्यात वेळ घालवू नये. त्याने आजवर एकही गाणे थांबलेले नाही, आणि केसकरांच्या हाती सारी नभोवाणी असूनही त्यांना ते साधले नाही. आपल्यापाशी जे चांगले आहे ते मुलाला ऐकवावे, त्याचे आपणही ऐकून घ्यावे. गल्लीतील पेटी-तबल्याच्या वर्गाची फी वेळेवर भरावी, आपल्या गावच्या मैफलीला तिकीट काढून जावे. आणि शक्य असेल तर संध्याकाळी देवघरासमोर, सुरात असो की नसो, घरातल्या सर्वांनी मिळून चार ओळी म्हणाव्यात. पुढच्या पिढीच्या चाळणीत आजचे काय उरेल ते आपल्या हाती नाही. पण ती चाळणी धरणारे कान तयार करणे हे आपल्याच हाती आहे.